टाचणीच्या आधीची खळ



गोधडीचा विषय निघाला की सगळे टाक्यांवर बोलतात. टाका किती बारीक, ओळ किती सरळ, कोपऱ्यात काय काढलंय. टाका घालायच्या आधी जे करावं लागतं त्याचं नाव कुणी काढत नाही. खाली एक लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या साड्यांचे, धोतराचे थर घालायचे, विरलं असेल तिथं ठिगळ द्यायचं, वरून पुन्हा एक चांगल्यातलं लुगडं घालायचं, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत हे चार-पाच थर एकमेकांवरून सरकू द्यायचे नाहीत. आज आम्ही या न सरकू देण्याबद्दल बोलणार आहोत. विषय एवढासा वाटेल, पण आमच्या गटात गेल्या पावसाळ्यापासून यावरूनच वाद चाललाय, आणि त्या वादात मजुरीचे पैसे आहेत.

झालं असं, की गोधडी घरच्यासाठी शिवायची तेव्हा एखादी चुणी पडली तरी पांघरणाऱ्याचं काही अडत नव्हतं. आता ऑर्डर येते ती मापाची. ६० बाय ९० इंच म्हणजे तेवढीच, चारही कोपरे काटकोनात, मध्ये फुगा नको. आतला थर सरकला की वरच्या कापडाला झोळ येतो, आणि झोळ दिसला की गोधडी परत येते. म्हणून गटातल्या तरुण मुलींनी टाचण्या आणल्या. टाचण्या बोटांना टोचायला लागल्या, पावसाळी हवेत गंजायला लागल्या, तेव्हा एकीनं धुतल्यावर निघून जाणारा डिंक आणला. त्यावर म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, की चिकटवलेली ती कसली गोधडी.

वाद मिटवावा म्हणून आम्ही याबद्दल जुनं काय सापडतं ते वाचायला आणि विचारायला लागलो. वाद मिटला नाही, पण हाती लागलं ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

आधी म्हाताऱ्या बायकांचं बघू. त्या टाचणी वापरत नाहीत आणि डिंकही नाही. कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्यानं भरलेला तांब्या, डाळीचा डबा असं काहीबाही ठेवतात आणि कडेनं धावदोरा घालायला लागतात. कड पक्की झाली की तिच्या आतून दुसरी ओळ, मग तिसरी, असं फिरत फिरत मध्यावर यायचं. डावा तळहात कापडाखाली असतो. तो सारखा थर चाचपतो, गोळा झालेलं कापड पुढं सारतो. टाचणीचं काम तळहात करतो म्हणा ना.

शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका याच रीतीनं शिवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज, त्यातले बरेच गोव्यातून निसटून तिथल्या जंगलात येऊन राहिले. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात आजही कोंकणी बोलतात. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, कडेकडेनं रंगीत तुकडे दुमडत दुमडत लावायचे आणि जागच्या जागी शिवत जायचं, मध्यावर आलं की गोधडी संपली. कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. ती लावल्याशिवाय गोधडी उघडी दिसते असं त्या मानतात. तुकडा ठेवला की लगेच शिवला, त्यामुळं तो धरून ठेवायला वेगळं काही लागतच नाही.

मग आमच्याकडेच अडचण का आली? आमच्या मते उत्तर कापडात आहे. जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, त्याचा एक थर दुसऱ्याला धरून राहतो. आता गोधडीसाठी म्हणून घराघरातून ज्या साड्या येतात त्या बहुतेक नायलॉनच्या, पॉलिस्टरच्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत आणि एकावर एक ठेवल्या की शेवाळावरून पाय सरकावा तशा सरकतात. कड आधी शिवली तर सगळं जादा कापड मध्ये गोळा होतं. आमच्या मावशींचा तळहात चाळीस वर्षं सुतावर शिकलेला आहे. कापड बदललं त्यात त्यांचा काय दोष?

आता जरा मागं जाऊ. गोधडी विकणं ही बचत गटांच्या काळातली नवी गोष्ट आहे असं आम्हालाही वाटायचं. यान व्हान लिन्शोटेन नावाचा एक डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला आणि पाचेक वर्षं तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. मायदेशी परतल्यावर त्यानं पुस्तक लिहिलं, ते १५९६ मध्ये छापलं गेलं. त्यात खंबायतच्या मालाची माहिती देताना त्यानं रेशमानं आणि सुतानं शिवलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख केला आहे आणि त्यांचं नाव दिलंय ते 'गोदोरीन'. ही आपली गोधडीच हो. सोबत पोर्तुगीजांचा 'कोल्शा' हा शब्दही दिलाय. बंगालमधल्या सातगावच्या नक्षीदार गोधड्याही त्याच काळात पोर्तुगीज व्यापारी जहाजात भरून नेत होते. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातची गोधडी दूरदेशी विकली जात होती, आणि तिलाही गिऱ्हाईक झोळ आहे का म्हणून उलटून पालटून बघत असणारच. शिवणाऱ्या हातांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत.

टाचणी हा शब्द घ्या. टाचणे म्हणजे कच्चे, लांब टाके घालून कापड तात्पुरतं जोडणे. पक्की शिलाई झाली की टाचा उसवून टाकायचा. त्या टाचण्यावरून टाचणी. शाळेतल्या बाईंचं पाठाचं टाचण असतं, तेही तात्पुरतं जोडून ठेवलेलंच. आमच्यापैकी कुणाला हे आधी सुचलं नव्हतं, पण शब्दच सांगतोय की आपल्याकडे टाचा आधीचा आणि कारखान्यातली टाचणी नंतरची. दोऱ्यानं टाचणं ही खरी जुनी रीत. तिला वेळ लागतो आणि पुन्हा उसवायचं कामही असतं, म्हणून ती मागं पडली. पत्रावळीला चोय टोचावी तसं टोचून धरणंही आपल्याला नवीन नाही. नवीन काय, तर दुकानात पाकिटानं मिळणारी धातूची टाचणी.

तिची गोष्ट मात्र वाचण्यासारखी आहे. ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञानं १७७६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच टाचणीच्या कारखान्यापासून होते. तार ओढायची, सरळ करायची, तोडायची, टोक काढायचं, डोकं बसवायचं, अशी सुमारे १८ कामं. त्यानं पाहिलेल्या एका लहान कारखान्यात १० माणसं ही कामं वाटून घेऊन दिवसाला ४८,००० च्या वर टाचण्या करत होती. तेच एकट्या माणसानं सगळं केलं तर दिवसाला २० सुद्धा होणार नाहीत असं त्यानं लिहिलंय. आम्ही बीएला हे अर्थशास्त्राच्या पेपरासाठी श्रमविभागणी म्हणून पाठ केलं होतं. त्या कामातली कितीतरी माणसं बायका आणि मुलं होती हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. इंग्लंडमध्ये टाचणीला डोकं बसवायचं डोळेफोडीचं काम मुख्यतः त्यांच्याकडेच असे.

अमेरिकेत जॉन हाऊ नावाचा डॉक्टर न्यूयॉर्कच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात नोकरीला होता. तिथली माणसं हातानं टाचण्या करत बसलेली तो रोज पाहायचा. त्यानं टाचण्या करायचं यंत्र काढलं आणि १८३२ मध्ये त्याचा हक्क नोंदवला. यंत्र धडाधड टाचण्या करू लागलं, पण त्या विकायला कागदात रांगेनं खोचाव्या लागत. ते काम काही वर्षं आसपासच्या घरांतून बायकाच करत होत्या, नगावर. आपल्याकडे विड्या वळायचं, उदबत्त्या करायचं काम येतं तसंच. इंग्रजीत बाईला स्वतःच्या खर्चाला मिळणाऱ्या किरकोळ पैशाला 'पिन मनी', टाचणीचे पैसे, असं म्हणतात. आमच्या गटाची पेटी सुरू झाली तेव्हा गावातल्या पुरुषांनी तिच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं होतं. असो.

सेफ्टी पिन त्यानंतरची. वॉल्टर हंट या अमेरिकन माणसानं १८४९ मध्ये ती काढली आणि तिचे सगळे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. पुढं जगभर कोट्यवधी पिना खपल्या, त्याला त्यातलं काही मिळालं नाही. आपल्याकडे तिला बांगडीत आणि मंगळसूत्रात जागा मिळाली. गोधडीचे थर धरायला साध्या टाचणीपेक्षा ती बरी, कारण निसटत नाही. पण जाड थरांत शंभरेक पिना लावायच्या आणि काढायच्या म्हणजे अंगठ्याची सालटं निघतात.

टाचणीबद्दल आमची खरी तक्रार बाळाच्या दुपट्यापुरती आहे. मोठ्या गोधडीत एखादी टाचणी चुकून राहिली तर फार तर कुणाला टोचेल. दुपट्यात राहिली तर? तयार कपड्यांच्या मोठ्या कारखान्यांत माल बाहेर जाण्याआधी सुई शोधणाऱ्या यंत्रातून काढतात. आमच्याकडे यंत्र म्हणजे आमचे हात. म्हणून आमच्या गटात दुपट्याला टाचणी लावायची नाही, हे सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय. या एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे.

आता येऊ डिंकाकडे. चिकटवलेली ती कसली गोधडी, या प्रश्नाकडे.

मैत्रिणींनो, नवं सुती लुगडं घडी मोडताना कसं कडकड वाजायचं ते तुमच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. ती खळ. मागावर ताण्याचा दोरा तुटू नये, त्याचे धागे पिंजारू नयेत म्हणून विणकरांच्या घरात पिठाची किंवा तांदळाची खळ करून दोऱ्याला लावत. त्याला पांजणी म्हणतात. ती करायला घरच्या बायका-मुली राबत, पण विणकर म्हणून नाव मात्र मागावर बसणाऱ्याचंच. आज इचलकरंजीत, मालेगावात, सोलापुरात हेच काम कारखान्यात होतं आणि त्याला सायझिंग म्हणतात. सांगायचं हे, की घरात आलेलं प्रत्येक लुगडं खळ घेऊनच आलं. खळीनं दोरा धरून ठेवला, कापड विणून झालं, आणि दोन-तीन धुण्यांत खळ पाण्याबरोबर निघून गेली. जे काम होईपर्यंत धरतं आणि मग धुऊन जातं, त्याच्यावरच तर आपलं कापड उभं राहिलं.

खळ आपल्या घरात आणखी कुठं कुठं होती बघा. वह्या-पुस्तकं बांधणारे मैद्याची खळ करून त्यात चिमूटभर मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. पतंगाला खळ, आकाशकंदिलाला खळ. कुरडयांसाठी गहू भिजवून काढलेला चीक हीसुद्धा एक खळच, फक्त ती आपण खातो. बाभळीचा डिंकही पाण्यात विरघळतो.

आणि थर चिकटवून मग शिवण्याची रीत पाहायची असेल तर चीनमध्ये बघावी लागेल. तिथल्या कापडी चपला-बुटांचा तळ जुन्या चिंध्यांचा असतो. घरातल्या बायका चिंध्या पिठाच्या खळीनं एकावर एक चिकटवत, फळीवर पसरून उन्हात वाळवत, त्यातून पायाच्या मापाचे तुकडे कापत आणि असे कितीतरी थर एकावर एक ठेवून जाड दोऱ्यानं दाट टाके घालून शिवत. त्या तळाला तिकडे हजार थरांचा तळ म्हणतात. असे जोडे विकणारं बीजिंगमधलं एक दुकान १८५३ पासून चालू आहे. जुन्या चिंध्या, खळ, आणि हातचा टाका. ते शिवण्याचं काम नाही असं कोण म्हणेल?

दुकानातल्या पांढऱ्या डिंकाचा इतिहास त्यामानानं अलीकडचा. ज्या रसायनापासून तो होतो ते जर्मनीत फ्रिट्झ क्लाट्टे यानं १९१२ मध्ये शोधलं. अमेरिकेत बॉर्डेन ही दूध विकणारी कंपनी होती, तिच्या जाहिरातीत एल्सी नावाची गाय असे. तिनं १९४७ मध्ये डिंक विकायला काढला आणि पुढं एल्सीच्या नवऱ्याचं, म्हणजे एल्मर बैलाचं नाव त्याला दिलं. शाळेतल्या मुलांच्या कपड्यांवरून धुऊन निघेल असा एल्मरचा डिंक नंतर आला, आणि तिकडच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी मुलांच्या दप्तरातली ती बाटली आपल्या कामाला लावली. आपल्याकडे १९५९ मध्ये मुंबईत फेव्हिकॉल निघाला तो सुतारांसाठी, सरस उकळत बसायचा त्यांचा त्रास वाचावा म्हणून. लाकडासाठी तो चांगलाच, पण हे दोन डिंक दिसायला सारखे असले तरी गुणानं वेगळे आहेत. सुतारकामाचा डिंक कापडात वाळला की धुऊन निघत नाही, त्या जागी कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि सुई आत जात नाही. तो गोधडीला लावायचाच नाही.

आम्ही दोन्ही करून पाहिलं, घरची खळ आणि दुकानातला धुतल्यावर निघणारा डिंक. खळीला एक चमचा तांदळाचं पीठ किंवा मैदा, साधारण वाटीभर पाणी, गुठळी न होऊ देता चकाकी येईपर्यंत शिजवायचं, फडक्यातून गाळायचं. खर्च जवळजवळ नाहीच, पण ती दुसऱ्या दिवशी आंबते. बाटलीतला डिंक टिकतो आणि त्याचे बारीक ठिपके देता येतात. दोन्हीत पाणी असतं, म्हणून रंग जाणारं कापड आधी ओल्या फडक्यानं पुसून पाहायचं. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, एका चिंधीवर लावून, वाळवून, धुऊन बघायचं आणि मगच गोधडीला लावायचं. सारवल्यासारखं फासायचं नाही, वीतभर अंतरावर ठिपके पुरतात. मध्यापासून बाहेर जायचं, तळहातानं दाबत. इस्त्री फिरवली की लवकर वाळतं. शिवून झाली की गोधडी धुवायचीच, आळस करायचा नाही. खळ तशीच राहिली तर तिला कसर लागते, झुरळं येतात, दमट घरात बुरशी धरते.

हे करताना आमच्या एक गोष्ट लक्षात आली. डिंकानं शिवायचं काम हलकं होतं, कारण थर हलत नाहीत आणि हात भराभर चालतो. पण थर लावायचं काम वाढतं. ठिपके द्यायचे, दाबायचं, वाळवायचं, यात दोघींचा अर्धा दिवस जातो. मजुरी मात्र आम्ही पहिल्यापासून शिवणीवर देत आलो, गोधडीच्या मापाप्रमाणे. म्हणजे जिचं काम हलकं झालं तिला पैसे, आणि जिचं वाढलं तिला काही नाही. थर लावायला बसतात त्या बहुधा म्हाताऱ्या बायका, कारण त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांचा डिंकावरचा राग नुसता रीतीवरून असेल असं आम्हाला आता वाटत नाही.

आणि गंमत अशी, की डिंक लावल्यावरही तळहात लागतोच. कुठं कापड ताणलंय, कुठं सैल आहे, कुठल्या थराचा काठ दुमडलाय, हे आमच्या मावशींना न बघता कळतं. गेल्या महिन्यात पॉलिस्टरच्या साड्यांची एक गोधडी त्यांनी डिंकानं लावून दिली. लावताना बोलल्या बरंच, पण ती झोळाशिवाय उतरली.

सध्या एवढं ठरलंय. सुती लुगड्यांच्या गोधडीला मावशींची रीत, वरवंटा आणि तळहात. सरकणाऱ्या कापडाला डिंक किंवा खळ. दुपट्याला टाचणी नाही. हिशोबाच्या वहीत शिवणीच्या शेजारी आम्ही 'थर लावणे' असा नवा रकाना आखलाय. त्यात आकडा किती लिहायचा यावर दोन सभा झाल्या. शिवणाऱ्या म्हणतात आमच्यातून कापू नका, गिऱ्हाइकाकडून जास्त मागा. मावशी म्हणतात, आधी रकाना भरा, मग गिऱ्हाइकाशी काय ते बोला. तिसरी सभा येत्या पंचमीनंतर आहे.